कारागीर प्रशिक्षण, देवपूर (धुळे)

कमी शिकलेल्या, बेताच्या परिस्थितीतल्या तरुणांना हातचे कसब देणारी सरकारी शिक्षणव्यवस्था. केंद्र शासनाने 1950 मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली. 1956 मध्ये औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचा, म्हणजेच आयटीआयचा, दैनंदिन कारभार राज्यांकडे आला. महाराष्ट्रात तो व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय पाहते.

स्थान : देवपूर हे पांझरा नदीपलीकडचे धुळे शहराचे उपनगर. येथे महाविद्यालये बरीच असल्याने साक्री, शिरपूर, शिंदखेडा तालुक्यांतली मुले खोली करून राहतात. शासकीय आयटीआयही याच भागात आहे.

अभ्यासक्रम : प्रवेशासाठी किमान वय 14 वर्षे. वेल्डरसारख्या एका वर्षाच्या ट्रेडला आठवी पास चालते. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे असून त्यांना दहावी लागते. शिकवण्याचा बहुतेक वेळ वर्कशॉपमध्ये जातो. फिटरचे पहिले धडे कानशीवर गिरवले जातात. व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा आवळायचा, कानस सपाट चालवायची, मग कडेला गुण्या लावून तुकडा उजेडासमोर धरायचा. फटीतून उजेड दिसला, की पुन्हा घासायचे. पुढे एकमेकांत चपखल बसणारे दोन तुकडे घडवावे लागतात. अखेरच्या परीक्षेनंतर देशभर चालणारे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. त्यानंतर शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961 नुसार कारखान्यात विद्यावेतनावर उमेदवारी करता येते.

पूरक योजना : ग्रामीण गरीब कुटुंबांतल्या 15 ते 35 वयोगटासाठी 2014 पासून दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आहे. राज्याच्या 2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी पास उमेदवाराला दरमहा 6,000, आयटीआय किंवा पदविकाधारकाला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन ठरले. या योजनेत उमेदवार प्रत्यक्ष आस्थापनेत काम करत शिकतो.

अडचणी : शासकीय आयटीआयची फी खासगी संस्थांच्या मानाने कमी असते. गरीब घराला जड जातो तो बाकीचा खर्च. मुलगा वर्कशॉपमध्ये असतो तेवढे दिवस त्याची मजुरी बुडते. वर खोलीभाडे, मेस आणि एसटीचा पास. आयटीआयच्या विद्यार्थ्यांचे मासिक विद्यावेतन कित्येक वर्षे अवघे 40 रुपये होते. राज्याने ते 500 केले, तरी त्यात महिन्याची मेसही भागत नाही. शेतीच्या हंगामात घरी हात कमी पडले, की हजेरी तुटते आणि परीक्षेला बसणे अवघड होते. शिकून झाल्यावरही अनेकांना कामासाठी नाशिक, पुणे किंवा सुरत गाठावे लागते.

मूल्यमापन : हातात कसब आणि प्रमाणपत्र असलेल्या मुलाला मजूर अड्ड्यावर उभे राहावे लागत नाही, हे या प्रशिक्षणाचे खरे मोल. ते गरजू मुलाच्या पदरात पडायचे तर जागा वाढवण्याइतकेच वसतिगृह, पुरेसे विद्यावेतन आणि जवळची उमेदवारी यांकडे लक्ष द्यायला हवे.