इंजिनाचा दम

इंजिनाचा जन्म दमाशिवायच झाला. पॅरिसमध्ये एत्येन लन्वार यांनी १८६० साली चालवलेल्या इंजिनात गॅस आणि हवा आत घ्यायची, ठिणगी टाकायची, की झालं! आधी दाबून घेण्याची भानगडच नव्हती. इंजिन चालायचं, पण पंक्तीला बसलेल्या वऱ्हाड्यासारखं गॅस ओढायचं.

मिश्रण पेटवण्याआधी दाबा, म्हणजे जोर वाढेल, हे आल्फोन्स बो द रोशा यांनी १८६२ मध्ये एका पत्रिकेत लिहून ठेवलं. इंजिन मात्र एकही बांधलं नाही. असे विद्वान आपल्याकडे आळीआळीत सापडतात. पुढे जर्मनीत निकोलाउस ऑटो यांनी १८७६ मध्ये ते प्रत्यक्ष चालवून दाखवलं, पेटंटही घेतलं. पण १८८६ मध्ये त्याच पत्रिकेच्या आधारे न्यायालयाने त्यांचा चार स्ट्रोकवरचा हक्क रद्द केला!

या दाबाची खरी किंमत मला १९८४ मध्ये कळली. आमच्या फियाटचं इंजिन नुकतंच बांधून आलं होतं. बोअरिंग, नवे पिस्टन, नव्या रिंगा. महिन्याचा अख्खा पगार त्यात गेलेला. आणि गाडी लंगडत होती. मिस्त्रींनी गेज लावलं, तर तिसऱ्या सिलिंडरमध्ये कॉम्प्रेशन जवळजवळ नाहीच.

"रिंगा बसल्या नाहीत, साहेब. पुन्हा खोलावं लागेल."

म्हणजे पुढच्या महिन्याचाही पगार! तेवढ्यात शेजारचे अण्णा आले. एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, बोलायला कंजूष.

"चमचाभर ऑइल टाका प्लगच्या भोकातून. मग मोजा."

रिंगा दोषी असतील तर ऑइल फट बुजवतं आणि काटा वर चढतो. काटा जागचा हलला नाही. शेजारचे दोन आणि चार नंबर ठणठणीत, तेव्हा हेड गॅसकेटवरचा संशयही ओसरला. उरले व्हॉल्व्ह. वरचं झाकण काढलं, तर तिसऱ्याच्या एक्झॉस्ट टॅपेटमध्ये फीलर गेजचं सर्वांत पातळ पातंसुद्धा शिरेना. फटच ठेवलेली नव्हती! व्हॉल्व्ह कायम किंचित उघडा, आणि माझा पगार सायलेन्सरवाटे बाहेर. अशीच गाडी पिटाळली असती तर व्हॉल्व्ह जळालाच असता.

अण्णांनी टॅपेट सैल करून फट बरोबर लावली. पुन्हा मोजलं. काटा बाकीच्या तिघांच्या रांगेत जाऊन बसला.

मिस्त्री हात पुसत म्हणाले, "बघा साहेब, खोलावं लागलं की नाही? झाकण तर झाकण!"