रंग व खुणांवरून सापांची ओळख (खानदेश)

खानदेशातील जळगाव व धुळे जिल्ह्यांत आढळणारे साप अंगावरील रंग, पट्टे, ठिपके आणि डोक्यावरील खुणा यांवरून ओळखले जातात. उत्तरेस सातपुडा, मध्ये तापीचे खोरे, केळी व कापसाची शेते आणि धुळे जिल्ह्यातील कोरडे माळ अशा विविध अधिवासांमुळे येथे विषारी व बिनविषारी साप एकाच परिसरात दिसतात. त्यांपैकी नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार साप मानवी जीवितास सर्वाधिक धोकादायक आहेत.

प्रमुख विषारी साप आणि त्यांच्याशी साम्य असलेले साप

*नाग* : रंग गव्हाळ, तपकिरी किंवा काळा. फण्याच्या मागील बाजूस बहुधा दहाच्या आकड्यासारखी खूण असते. मात्र काही नागांत ती पुसट असते किंवा नसतेच. फणा मिटलेला असताना नागाला धामण समजले जाते. धामणीचे डोके निमुळते, डोळे मोठे आणि ओठांवर काळ्या उभ्या रेषा असतात.

*मण्यार* : रंग निळसर काळा व चकचकीत. अंगावर पांढरे आडवे पट्टे असून ते बहुधा जोडीने असतात. डोक्याजवळ हे पट्टे पुसट किंवा ठिपक्यांच्या रूपात असतात, तर शेपटीकडे स्पष्ट होत जातात. बिनविषारी कवड्या सापात याच्या उलट रचना असते. त्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे फिके होतात. पाठीच्या मध्यावरील मोठे षटकोनी खवले हे मण्यारीचे निश्चित लक्षण होय, परंतु ते दुरून दिसत नाही.

*घोणस* : तपकिरी अंगावर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात. डिवचल्यास ती मोठ्याने फुत्कारते. बिनविषारी डुरक्या घोणसाचे डाग वेडेवाकडे व एकमेकांत मिसळलेले असतात आणि शेपटी आखूड असते.

*फुरसे* : लहान आकाराचा, कोरड्या व खडकाळ जमिनीतील साप. डोक्यावर बाणासारखी फिकट खूण आणि दोन्ही कुशींवर पांढरी नागमोडी रेषा असते. अंगाचे वेटोळे एकमेकांवर घासून तो करकर असा आवाज काढतो. सडपातळ, सौम्य विषारी मांजऱ्या सापाशी त्याची गल्लत होते.

रंगावरून ओळखण्याच्या मर्यादा

केवळ रंग हा विश्वासार्ह आधार नाही. कात टाकण्यापूर्वी त्वचा निस्तेज व डोळे दुधाळ होतात, चिखलाने खुणा झाकल्या जातात आणि पिलांची नक्षी प्रौढ सापांहून वेगळी असू शकते. काही मण्यारींचे पट्टे जवळजवळ दिसत नाहीत. रंगद्रव्याच्या अभावामुळे पांढरट झालेला नागही तितकाच विषारी असतो. म्हणून रंग, नक्षी, डोक्याचा आकार व हालचाल यांचा एकत्रित विचार करावा लागतो आणि शंका असल्यास साप विषारीच मानला जातो.

मण्यारीला कवड्या समजणे ही सर्वांत घातक चूक ठरते. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावण्याचे प्रसंग घडतात. दंशाच्या जागी वेदना व सूज अत्यल्प असल्याने दुर्लक्ष होते. काही तासांनी पापण्या जड होणे, गिळण्यास त्रास आणि श्वसनाचा पक्षाघात अशी लक्षणे दिसतात.

ओळख आणि उपचार

उपचारासाठी साप ओळखता येणे अनिवार्य नाही. भारतात वापरले जाणारे बहुगुणी प्रतिसर्पविष वरील चारही सापांच्या विषावर चालते, आणि डॉक्टर रुग्णाच्या लक्षणांवरून व रक्त गोठण्याच्या 20 मिनिटांच्या चाचणीवरून निर्णय घेतात. त्यामुळे साप शोधण्यात, पकडण्यात किंवा मारण्यात वेळ न घालवता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात नेणे आवश्यक असते. त्यासाठी 108 क्रमांकाची रुग्णवाहिका उपलब्ध आहे. सुरक्षित अंतरावरून छायाचित्र मिळाल्यास ते उपयोगी पडते. भारतीय सापांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये संरक्षण आहे.