पद्मिनी बघायला मुंबईला

मार्गशीर्षातले गुरुवार चालू आहेत, भाताची मळणी उरकली आहे, वालाची पेरणी झाली आहे. वर्षातून हेच काय ते चार दिवस आपल्याला थोडे मोकळे मिळतात. म्हणून आमच्या बचत गटाच्या मागच्या बैठकीत सहलीचा विषय निघाला. दरवेळी आपण देवदर्शनाला जातो. या वेळी आमच्यातल्या एका तरुण मुलीने सुचवलं, की मुंबईत हिवाळ्यात जुन्या मोटारींचं प्रदर्शन आणि रॅली असते, ती बघू या. शनिवारी ठाण्यात नातेवाइकांकडे मुक्काम करायचा, रविवारी मुंबई करून रात्री घरी.

सगळ्या हसल्या. आमच्या एक काकी तर सरळ म्हणाल्या, "श्रीमंतांच्या गाड्या त्या. त्या पुसून चकचकीत करणार, आणि आपण टिटवाळ्याहून लोकल पकडून बघायला जायचं? आपला काय संबंध?"

काकींचा प्रश्न आम्हाला लागला. संबंध काय, हे शोधायचं ठरवलं. पुस्तकं वाचली, जुन्या माणसांना विचारलं. जे हाती आलं ते आज तुम्हाला सांगतो. सहलीच्या वाटेनंच सांगतो, म्हणजे लक्षात राहील.

वाट सुरू होते आपल्या लोकलपासून. कल्याण सोडून गाडी ठाण्याकडे निघाली, की आपण देशातल्या सगळ्यात जुन्या रेल्वेमार्गावर असतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, ३४ किलोमीटरचा रस्ता. ओढायला तीन इंजिनं होती, त्यांची नावं साहिब, सिंध आणि सुलतान. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, खाडीवर पूल बांधून गाडी कल्याणला पोचली. जलद लोकल पूर्वी मुंब्र्याजवळ ज्या बोगद्यात शिरायची, तो पारसिकचा बोगदा १९१६ चा.

कल्याणपासून पुढे एक फाटा कसाऱ्याकडे गेला, एक कर्जतवरून बोरघाटाकडे. या बोरघाटाची एक गोष्ट आम्हाला माहीत नव्हती. घाटाच्या कामाचा ठेका सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या इंग्रज ठेकेदाराने घेतला, आणि १८५९ मध्ये इथे आल्यावर थोड्याच दिवसांत तो वारला. तेव्हा त्याची बायको ॲलिस ट्रेडवेल हिने ठेका सोडून दिला नाही. जाणकार इंजिनिअर हाताशी घेऊन तिने तो निभावला, आणि १८६३ मध्ये घाटातून गाडी धावली. तिचं नाव इतिहासात राहिलं, ते राहायलाच हवं. पण त्याच घाटात हजारो मजूर खपत होते. त्यांत बायका होत्या, पोरं होती, पाट्या वाहत होती. पटकीने आणि अपघातांनी कितीतरी माणसं तिथे गेली. त्या बायकांपैकी एकीचंही नाव आम्हाला कुठे सापडलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मोटारीकडे येऊ. मुंबईत मोटार आली ती १८९८ च्या सुमारास. घोड्याविना पळणारी गाडी बघायला रस्त्यात गर्दी व्हायची. जमशेटजी टाटा हे मोटार घेणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी एक होते. आणि भारतात मोटार चालवणारी पहिली बाई म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं, त्या टाटांच्याच घरातल्या, जे. आर. डी. टाटांच्या आई, मूळच्या फ्रेंच. साल सांगितलं जातं १९०५. त्या काळात आपल्याकडे बाई बैलगाडीच्या धुऱ्यावर बसली तरी गाव बोट दाखवायचं.

या सगळ्या मोटारी परदेशातून यायच्या. इथे मोटार बनवायचा ध्यास घेतला तो सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी. जहाज, विमान आणि मोटार, तिन्ही आपल्या देशात व्हावं म्हणून ते धडपडले. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्याच वर्षी, कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. १९५० च्या दशकातल्या एका फियाटचं पुढचं तोंड असं होतं, की मुंबईकरांनी तिला 'डुक्कर फियाट' नाव ठेवलं. आज तीच डुक्कर फियाट जुन्या मोटारींच्या मेळ्यात मानाने मिरवते.

१९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली. तीच गाडी पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली, आणि १९७४ पासून तिचं नाव झालं प्रीमियर पद्मिनी. चितोडच्या राणीचं नाव. तुमच्यापैकी ज्या मुंबईला गेल्या आहेत, त्या सगळ्यांनी ती पाहिली आहे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच पद्मिनी. गिअरचा दांडा स्टीअरिंगलाच, बाहेर डाव्या अंगाला मीटर, वर सामानाची जाळी. दवाखान्यात न्यायचं माणूस, बाळंतीण, लग्नाचा आहेर, गावाकडून आणलेलं तांदळाचं पोतं, सगळं तिने वाहिलं. त्या काळी स्वतःची गाडी घ्यायची तर पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघावी लागे. परवाने सरकारच्या हातात, आणि बाजारात गाड्या दोन-तीनच.

गंमत बघा. गाडीला नाव राणीचं, पण तिच्या चाकावर बाईचा हात क्वचितच दिसायचा.

आता काकींच्या प्रश्नाकडे येऊ. डोंबिवलीहून शीळफाट्याकडे जाणारा कल्याण-शीळ रस्ता तुम्हाला ठाऊक आहे. त्या रस्त्यावरच्या एका मोठ्या पटांगणाला आजही 'प्रीमियर मैदान' म्हणतात. मोठमोठ्या राजकीय सभा तिथे होतात. ते नाव का पडलं, हे आमच्या तरुण मुलींना माहीत नव्हतं. तिथे याच प्रीमियर कंपनीचा मोटारींचा कारखाना होता. १९९० च्या दशकात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या भागीदारीत 'प्यूजो ३०९' ही गाडी तिथे तयार व्हायची. १९९१ नंतर बाजार खुला झाला, नव्या कंपन्या आल्या, आणि प्यूजोचं काम तीन-चार वर्षांतच थांबलं. पद्मिनीचं उत्पादनही २००० च्या आसपास बंद झालं. आता त्या भागात उंच इमारती उभ्या आहेत. बसचा कंडक्टर मात्र अजून प्रीमियर म्हणूनच हाक देतो.

हे आम्ही बैठकीत वाचून दाखवलं, तेव्हा काकी गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "आमचे हे डोंबिवलीला एका शेडमध्ये कामाला होते. मोटारीचे बारीक सुटे भाग व्हायचे तिथे. कुठल्या कुठल्या गाड्यांना जायचे, ते आम्हाला कोण सांगणार? शेठ पत्र्याच्या डब्यातून वॉशर घरी पाठवायचा. मी आणि माझी नणंद रात्री चिमणीच्या उजेडात मोजायचो, शंभर-शंभरच्या पुड्या बांधायचो. शेकड्यावर पैसे. पहिल्या पैशात मी थोरल्याला दप्तर घेतलं. मग ऑर्डरी बंद पडल्या, शेडला कुलूप लागलं, आणि यांनी भाड्याची रिक्षा धरली."

मैत्रिणींनो, काकी आमच्या गटात दहा वर्षं आहेत. त्यांच्या कर्जाचा प्रत्येक हप्ता आमच्या वहीत आहे. पण मोटारीच्या कामाला त्यांचा हात लागला होता, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. त्यांनी स्वतःही ते काम म्हणून कधी मोजलं नव्हतं. "ते काय, घरबसल्या पुड्या बांधायच्या," एवढंच. बोरघाटातल्या पाटीवाल्या बायकांचं जे झालं, तेच इथे होता होता राहिलं.

आणखी एक हिशेब सांगतो. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. दुसरीकडे २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या मोटारींसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात जपलेली मोटार 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबराच्या पाटीवर तिला वेगळी अक्षरं मिळतात. प्रदर्शनाला, रॅलीला ती बाहेर काढता येते, रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही.

म्हणजे जी दिवसभर राबली ती विसाव्या वर्षी भंगारात, आणि जी गॅरेजमध्ये जपली गेली तिला पन्नासाव्या वर्षी मान. नियमाला कारण आहे. रोज धावणारी जुनी गाडी धूर ओकते, लोकांच्या जिवाला धोका होतो. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण प्रदर्शनात चकचकीत गाडी बघताना तिच्या राबलेल्या बहिणी आठवाव्यात, एवढंच आमचं म्हणणं.

आणि चाकावरच्या हातांचं काय झालं? तेही कल्याणातच बघायला मिळतं. सातारा जिल्ह्यातल्या शेतकरी घरातल्या सुरेखा यादव यांनी रेल्वेत चालक व्हायचं ठरवलं, आणि प्रशिक्षण घेतलं ते आपल्या कल्याणला. १९८९ मध्ये त्या सहायक चालक झाल्या. आशियातली पहिली महिला रेल्वेचालक म्हणून त्यांचं नाव झालं. २००० मध्ये त्यांनी महिला विशेष लोकल चालवली, २०११ च्या महिला दिनी डेक्कन क्वीन, आणि मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. साहिब, सिंध, सुलतान ज्या रुळांवर धावले, त्याच रुळांवर एका शेतकऱ्याच्या लेकीने गाडी हाकली. मधे सव्वाशेहून जास्त वर्षं गेली.

आता सहलीचा बेत. तुमच्या गटालाही उपयोगी पडेल म्हणून नीट सांगतो.

पहिली गोष्ट, पैसे. बचतीला आणि अंतर्गत कर्जाच्या रकमेला हात लावायचा नाही. सहलीची वर्गणी वेगळी, वही वेगळी. आम्ही गणपतीपासूनच थोडी थोडी बाजूला टाकली.

दुसरी, तारीख. जुन्या मोटारींची रॅली दरवर्षी एकाच दिवशी, एकाच जागी नसते. मुंबईत अनेकदा ती फोर्टातल्या हॉर्निमन सर्कलवरून निघाली आहे. वर्तमानपत्रात तारीख छापून आली, की मगच तिकिटाचं बोलायचं.

तिसरी, रविवारचा मेगाब्लॉक. मध्य रेल्वेचं वेळापत्रक आदल्या दिवशी बघितल्याशिवाय निघायचं नाही. म्हणूनच आम्ही शनिवारचा मुक्काम ठाण्यात ठेवला. संध्याकाळी मासुंदा तलाव आणि कोपिनेश्वराचं दर्शन. म्हणजे देवदर्शनाची सहल हवी म्हणणाऱ्याही खूश.

चौथी, चालणं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून हॉर्निमन सर्कल पंधरा-वीस मिनिटांवर आहे. स्टेशनची इमारत आधी डोळे भरून बघायची, तिला २००४ पासून जागतिक वारशाचा मान आहे. हुतात्मा चौकात थांबून संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांना नमस्कार करायचा. हॉर्निमन हे इंग्रज संपादक, पण आपल्या लोकांच्या बाजूने लिहिलं म्हणून इंग्रज सरकारने त्यांना १९१९ मध्ये देशाबाहेर घालवलं. त्यांचं नाव त्या चौकाला आहे. भाकरी, ठेचा, पाण्याच्या बाटल्या घरून. परतीची गाडी अंधार पडायच्या आत.

पाचवी गोष्ट आम्ही परवाच्या बैठकीत ठरावात घातली. प्रदर्शनात प्रत्येकीने एका गाडीजवळ थांबून तिच्या मालकाला किंवा मेकॅनिकला एक प्रश्न विचारायचा: ही गाडी कोणी जपली, कोणाच्या हातांनी? आणि घरी आल्यावर आपल्या घरातल्या माणसांनी, बायकांनी कुठल्या कारखान्यात, कुठल्या घरकामात, कुठल्या शेडमध्ये काय काम केलं, ते सहलीच्या वहीत मागच्या पानापासून लिहून काढायचं. नाव, गाव, काम, मिळालेला पैसा. पहिली नोंद झाली आहे. वॉशरच्या पुड्या, शेकड्यावर, डोंबिवली.

काकी येणार आहेत. परवा त्यांनी सचिवाला विचारलं, "तिथे पद्मिनी असेल ना? दार उघडून दाखवतील का? आतल्या बाजूचे वॉशर बघायचे होते."