उमरीची बँक आणि नीतीचा हिशेब

नीतिशास्त्र हा शब्द उच्चारला की ऐकणारा हळूच घड्याळाकडे पाहतो. यात ऐकणाऱ्याचा दोष नाही. हा विषय आपल्याकडे शिकवला जातो तोच मुळी परदेशातल्या बोटी, बुडणारे प्रवासी आणि रुळावरून सुसाट येणाऱ्या गाड्या यांच्या उदाहरणांनी. ती उदाहरणे चांगलीच असतात, पण आपली वाटत नाहीत. मी बी.ए.ला मराठी माध्यमातून शिकलो. तेव्हापासून मनात आहे की हा सगळा विषय आपल्या मराठवाड्यातल्या एकाच घटनेवरून समजावता येईल. आज तो प्रयत्न करतो. घटना आहे नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची.

तारीख ३० जानेवारी १९४८. भारत स्वतंत्र होऊन साडेपाच महिने झाले होते, पण आपण नव्हतो झालो. निजामाने भारत सरकारशी २९ नोव्हेंबर १९४७ ला 'जैसे थे' करार केला होता आणि त्या आडून वेळ काढणे चालू होते. लातूरचा वकील कासिम रझवी रझाकारांचा सर्वेसर्वा झाला होता. आमच्या मुरुडहून बार्शी ती केवढी लांब! पण बार्शी भारतात आणि मुरुड निजामात. गावेच्या गावे घरदार सोडून सरहद्दीपलीकडे गेली. हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या कृतिसमितीने सरहद्दीवर कॅम्प उभारले. तिथल्या तरुणांना खायला लागत होते, हत्यारे लागत होती, आणि पैसा नव्हता.

उमरी हे कापसाच्या व्यापाराचे गाव. तिथे निजाम सरकारची हैदराबाद स्टेट बँक होती. त्या दिवशी स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी तिच्यावर सशस्त्र धाड घातली आणि वीस लाखांहून अधिक रुपये नेले. १९४८ सालचे वीस लाख, हे लक्षात घ्या! त्या पैशावर कॅम्प चालले. आणि त्याचा हिशेब पुढे स्टेट काँग्रेसने पै-पैसह दिला, असे मराठवाड्यात आजही अभिमानाने सांगितले जाते.

आता प्रश्न सरळ आहे. ही चोरी होती की नाही?

आपण याला 'धाड' म्हणतो. निजामाच्या पोलिसांनी 'दरोडा' म्हटले असणार. शब्द बदलला की निवाडाही बदलतो, म्हणून शब्दांवर न थांबता पुढे जाऊ. नीतिशास्त्रात कृत्य तोलण्याचे मुख्य काटे तीन. तिन्हीवर उमरी ठेवून पाहू.

पहिला काटा परिणामांचा. इंग्लंडमध्ये जेरेमी बेंथॅमने १७८९ मध्ये तो ग्रंथरूपाने मांडला आणि पुढे जॉन स्टुअर्ट मिलने तो घासूनपुसून नीट केला. यालाच उपयुक्ततावाद म्हणतात. म्हणणे असे की कोणतेही कृत्य स्वतःहून चांगले किंवा वाईट नसते. त्यातून किती लोकांना किती सुख झाले आणि किती दुःख टळले ते मोजा. पुष्कळांचे पुष्कळ सुख साधत असेल तर ते कृत्य योग्य. या काट्यावर उमरी सहज पास होते. एका तिजोरीचे नुकसान आणि लक्षावधी लोकांची सुटका, यात बेरीज-वजाबाकीला वेळ लागत नाही.

पण इथे एक खोच आहे आणि ती आपल्याच माणसाने फार चांगली दाखवली आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' लिहिले. ते १९१५ मध्ये छापून आले. पुष्कळ लोक ते गीतेवरचे भाष्य म्हणून देव्हाऱ्याजवळ ठेवतात, पण त्यातली कितीतरी पाने बेंथॅम, मिल, कांट, ग्रीन यांच्याशी घातलेल्या वादाची आहेत. त्यात टिळक अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरातल्या ट्रामचे उदाहरण देतात. ट्राम झाली तर लोकांची मोठी सोय होणार होती, पण परवानगी मिळेना. व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच दिली, ट्राम झाली, लोक खूश! पुढे लाच उघड झाली आणि त्याच्यावर खटला झाला. परिणाम पाहावा तर चांगलाच होता. मग गुन्हा कुठे होता? टिळकांचे म्हणणे असे की नुसता बाहेरचा परिणाम मोजून नीती ठरत नाही, करणाऱ्याची बुद्धी कशी होती तेही पाहावे लागते.

दुसरा काटा कर्तव्याचा. जर्मनीतल्या इमॅन्युएल कांटने १७८५ मध्ये तो मांडला. कांट म्हणतो, परिणाम बाजूला ठेवा. तुम्ही ज्या नियमाने वागता तो नियम सगळ्यांनी पाळावा असे तुम्ही मनापासून म्हणू शकता का? म्हणू शकत असाल तरच तो नीतीचा नियम. आणि दुसऱ्या माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका, तो स्वतःच एक साध्य आहे.

या काट्यावर उमरी अडते. "हेतू चांगला असेल तर दुसऱ्याची तिजोरी फोडावी" हा नियम सगळ्या जगाला लावला तर कोणतीच तिजोरी शिल्लक राहणार नाही, कारण आपला हेतू वाईट आहे असे कोणता दरोडेखोर म्हणतो? शिवाय बँक म्हटली की ठेवीदार आलेच. त्यांना कोणी विचारले होते? उलट बाजूने असेही म्हणता येते की जे राज्य आपल्याच प्रजेवर रझाकार सोडते, त्याच्या तिजोरीला सामान्य मालकीचा नियम लागू होत नाही. कांट स्वतः हे मान्य करील असे मला वाटत नाही. बंडाच्या बाबतीत तो फार कडक होता.

आपल्याकडे या बाजूचे सगळ्यात मोठे नाव गांधीजींचे. गांधीजी कांटचे शिष्य नव्हते, पण साधन आणि साध्य यांना वेगळे करता येत नाही ही त्यांची भूमिका १९०९ च्या 'हिंद स्वराज'मध्येच स्पष्ट आहे. साधन हे बी आणि साध्य हे झाड. बाभूळ पेरून आंबा कसा येणार?

आणि इतिहासाचा योगायोग पाहा. उमरीची बँक ज्या दिवशी लुटली, त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत गांधीजींना गोळ्या घातल्या गेल्या. म्हणजे ज्यांच्या विचाराने ही चळवळ उभी राहिली, त्यांना उमरीबद्दल काय वाटते हे विचारण्याची संधी कोणालाच मिळाली नाही.

गोळ्या घालणारा आपलीच भाषा बोलणारा होता, आणि आपण कर्तव्यच केले असे तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. इथे मला कर्तव्याच्या काट्याची भीती वाटते. कर्तव्य हा शब्द कोणीही उचलू शकतो. परिणामवाल्याचे गणित चुकू शकते, तसे कर्तव्यवाल्याचे कर्तव्यही चुकू शकते, आणि दोघेही तेव्हा अगदी निःशंक असतात.

म्हणून तिसरा काटा लागतो. तो सगळ्यात जुना आहे, ॲरिस्टॉटलचा, सव्वादोन हजार वर्षांहून आधीचा. तो कृत्यापेक्षा माणसाकडे पाहतो. हा माणूस कसा आहे? धैर्य, संयम, न्यायबुद्धी हे गुण त्याला सवयीने जडले आहेत का? नेमक्या वेळी, नेमक्या माणसाशी, नेमके किती वागावे हा विवेक त्याच्याकडे आहे का? ॲरिस्टॉटलच्या मते गुण व्याख्यानाने येत नाहीत. वाजवून वाजवून वादक होतो तसे न्यायाने वागून वागून माणूस न्यायी होतो. शिक्षकांना हे पटायला वेळ लागत नाही!

या काट्यावर उमरी ठेवली की मला धाडीपेक्षा नंतरचा हिशेब महत्त्वाचा वाटतो. हातात लाखो रुपये, जंगलातले कॅम्प, पावती मागणारे कोणी नाही. अशा वेळी जो हिशेब लिहून ठेवतो, तो कधीतरी कोणाला तरी जाब द्यायचा आहे हे गृहीत धरून वागत असतो. स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ उमरीच्या वेळी तुरुंगात होते, पण सवय त्यांनी लावलेली होती. स्वामीजी मूळचे शिक्षक. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात त्यांनी पोरे घडवली होती. लुटारू आणि हे कार्यकर्ते यांच्यात फरक कोणता असे कोणी विचारले, तर माझे उत्तर हेतू नाही. हेतू सगळेच चांगला सांगतात. माझे उत्तर हिशेबाची वही हे आहे.

इथे लेख संपवला असता तर सगळ्यांनाच बरे वाटले असते. पण काटा फक्त आपल्या आवडीच्या वस्तूवर वापरायचा नसतो.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या. त्याला आपण 'पोलीस ॲक्शन' म्हणतो. १७ तारखेला निजाम शरण आला. तो दिवस आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो, आणि तो पाळावाच. रझाकारांनी जे केले ते भयंकर होते. त्याच वर्षी मे महिन्यात बिदर जिल्ह्यातल्या गोरटा गावी झालेले हत्याकांड त्या भागात आजही विसरलेले नाहीत. पण १७ सप्टेंबरनंतर काय झाले? रझाकार पळाले किंवा पकडले गेले, आणि त्यांचा राग त्यांच्या जमातीतल्या साध्या माणसांवर निघाला. शेतमजूर, विणकर, छोटे दुकानदार मारले गेले, घरे लुटली गेली, बायकांची अब्रू गेली. पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती पाठवली. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये ती संस्थानभर फिरली. तिचा अंदाज २७ ते ४० हजार माणसे मेल्याचा होता. सगळ्यात जास्त झळ पोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद (आताचे धाराशिव), गुलबर्गा, बिदर आणि नांदेड होते. त्या वेळी लातूर आणि आमचे मुरुड उस्मानाबादेतच मोडत. सरदार पटेलांनी त्या समितीचे निष्कर्ष मान्य केले नाहीत, आणि अहवाल कित्येक दशके प्रसिद्धच झाला नाही.

आता हे तिन्ही काट्यांवर ठेवा. परिणामांचा काटा म्हणतो, रझाकारी तर संपलीच होती, मग या मरणातून कोणाचे कोणते सुख वाढले? कर्तव्याचा काटा म्हणतो, एकाच्या गुन्ह्याची शिक्षा त्याच्या जातभाईला द्यावी हा नियम तुम्हाला स्वतःला लावलेला चालेल का? हाच नियम तर रझाकार वापरत होते. गुणांचा काटा तर बोलतच नाही, मान खाली घालतो. उमरीवर तिन्ही काट्यांत मतभेद आहेत. सप्टेंबरवर नाहीत. नीतिशास्त्राने काही ठरवता येत नाही, सगळे ज्याच्या त्याच्या मतावर, असे म्हणणाऱ्यांना माझे हे उत्तर आहे.

आणि त्या काळोखात ज्यांनी दिवा धरला त्यांनी कोणता ग्रंथ वाचला होता? शोएबुल्ला खान हा हैदराबादचा तरुण संपादक. त्याच्या 'इमरोज' या उर्दू दैनिकातून तो भारतात विलीन व्हा म्हणून लिहीत होता. ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्याला रस्त्यात गाठून मारले. तो स्वतः मुसलमान होता. सुंदरलाल समितीनेही नोंदवले आहे की अनेक ठिकाणी हिंदूंनी जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले, विशेषतः विणकरांनी आपल्या धंद्यातल्या माणसांना. त्यांनी ना सुखाची बेरीज केली असेल, ना नियमांची चिकित्सा. शेजारी दारात आला, दार उघडले. ॲरिस्टॉटलला हेच म्हणायचे होते.

आमच्या नातेवाइकांत या विषयावर बोलले की कोणीतरी म्हणतेच, "जाऊ द्या हो, जुने कशाला उकरायचे?" माझे म्हणणे असे की उमरी आपण दरवर्षी सांगतो ती जुनी नाही का? जुने सांगायचे तर दोन्ही पाने सांगू. एका पानावर वीस लाखांचा पै-पै हिशेब आहे, त्याचा अभिमान जरूर बाळगू. दुसऱ्या पानावर माणसांचा आकडा आहे, तोही २७ ते ४० हजार असा मोघम, कारण मोजायलाच कोणी बसले नाही. पैशाचा हिशेब ठेवणारी माणसे याच मातीत होती, म्हणजे माणसांचा हिशेब ठेवणेही आपल्याला अशक्य नव्हते.

वामन मल्हार जोशींनी १९१९ मध्ये 'नीतिशास्त्रप्रवेश' लिहून हा विषय मराठीत आणला, त्याला शंभरावर वर्षे झाली. प्रवेश झाला, आता आत येऊन बसायला हवे. नीती म्हणजे मोठे मोठे शब्द नव्हेत. कोणी विचारणार नाही हे माहीत असताना हिशेब लिहून ठेवायचा, आणि कोणी विचारलेच तर वही पुढे करायची, एवढे जमले तरी पुष्कळ आहे. येत्या १७ सप्टेंबरला झेंड्याला वंदन करून घरी आलात की मुलांना उमरीची गोष्ट जरूर सांगा. मुले हुशार असतात. "मग पुढे काय झाले?" असे ती विचारतील. तेव्हा पुढचेही सांगा.