१०.०.२.१५ : एका पत्त्याची जन्मकथा

मंडळी, व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवीन व्हर्च्युअल मशीन बनवा, नेटवर्कच्या सेटिंगला अजिबात हात लावू नका आणि आत जाऊन आयपी पत्ता बघा. बहुतेक वेळा १०.०.२.१५ दिसेल. तुमच्याकडे, माझ्याकडे, बंगलोरच्या मित्राकडे, सगळीकडे हाच! आमच्या टीममध्ये नवीन आलेली मुलं हमखास विचारतात, "सगळ्यांचा पत्ता एकच? मग मशीन्सची मारामारी कशी होत नाही?" उत्तर द्यायला इतिहासात शिरावं लागतं.

आधी 'ब्रिज्ड' मोड, कारण ही कल्पना सगळ्यात जुनी. १९८० च्या दशकात ऑफिसांमध्ये इथरनेट पसरलं, पण केबलच्या लांबीला मर्यादा होती. म्हणून दोन केबलींच्या मध्ये ब्रिज नावाची पेटी बसवू लागले. कुठलं मशीन कुठल्या बाजूला आहे हे ती मॅक पत्ते बघून शिकायची आणि गरजेपुरतंच पलीकडे सोडायची. केबलींचं वर्तुळ झालं की तेच तेच संदेश गोल फिरत राहायचे. त्यावरचा उतारा, म्हणजे स्पॅनिंग ट्री, डेक कंपनीतल्या रेडिया पर्लमन यांनी शोधला आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध केला.

१९९९ मध्ये व्हीएमवेअर वर्कस्टेशन आलं, आणि ही पेटी सॉफ्टवेअरमध्ये उतरली. ब्रिज्ड मोडमध्ये तुमच्या लॅपटॉपचं कार्ड स्वतःच्या मॅक पत्त्याबरोबर आतल्या मशीनच्या मॅक पत्त्यावर आलेलंही ऐकतं. आतल्या मशीनला ऑफिसच्या राउटरकडून स्वतःचा आयपी मिळतो. बाहेरच्यांच्या दृष्टीने ते एक वेगळं, स्वतंत्र मशीनच! दारावर स्वतःची पाटी, स्वतःची टपालपेटी.

आता 'नॅट'. आयपीचा जुना पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे जास्तीत जास्त साधारण ४२९ कोटी पत्ते. ते पुरणार नाहीत हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसू लागलं. मे १९९४ मध्ये चेल एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी आरएफसी १६३१ मध्ये तोडगा मांडला : आत हवे ते पत्ते वापरा, बाहेर पडताना दारातला राउटर स्वतःचा पत्ता लावेल. आपल्याकडे भाड्याने राहणाऱ्याच्या पाकिटावर 'द्वारा' लिहून घरमालकाचं नाव घालायचे ना, अगदी तसंच. फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ ने १० ने सुरू होणारे सगळे आणि १९२.१६८ वाले पत्ते अशा आतल्या वापरासाठी राखून ठेवले. म्हणून ते घरोघरी पुन्हा पुन्हा वापरता येतात.

पण नेमका १०.०.२.१५ च का? इथे गोष्ट रंगते. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने भारतात इंटरनेट सुरू केलं तेव्हा दोन तऱ्हेची खाती होती. महागडं टीसीपी/आयपी खातं आणि स्वस्तातलं शेल खातं. शेलमध्ये फक्त काळ्या पडद्यावरची अक्षरं, चित्रं नाहीत. परदेशातही शेल खाती होतीच. १९९५ च्या सुमारास डॅनी गॅस्पारोव्स्की यांनी 'स्लर्प' लिहिलं. शेल खात्यात हा साधा प्रोग्रॅम चालवायचा, ॲडमिनचे अधिकार लागत नाहीत. तो मोडेमवरून तुमच्या पीसीची पॅकेट्स घेणार आणि स्वतःच्या नावाने बाहेर जोडण्या उघडणार. स्वस्त खात्यात पूर्ण इंटरनेट! तुमच्या पीसीचा पत्ता बाहेर कोणाला दिसणारच नाही, म्हणून काहीही चालतो. स्लर्पने ठरवला १०.०.२.१५.

पुढे फॅब्रिस बेलार्ड यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या क्यूईएमयूला हेच हवं होतं : ॲडमिन अधिकारांशिवाय नेटवर्क. त्यात स्लर्पचा कोड आला, व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटमध्येही आला. प्रत्येक मशीनला स्वतःचा वेगळा स्लर्प, म्हणून मारामारी नाही.

राहिला 'होस्ट-ओन्ली'. मशीन आणि लॅपटॉप यांच्यातला इंटरकॉम, बाहेरचा रस्ताच नाही. संशयास्पद फाईल तपासायला मी ब्रिज्ड वापरू देत नाही, ते याचसाठी. शेजारच्या मशीन्सना संसर्ग कशाला?

आता मुद्द्याचं. 'द्वारा'वाला माणूस पत्र पाठवू शकतो, उत्तरही मिळवू शकतो. पण घरमालकाला आधी सांगून ठेवल्याशिवाय त्याला कोणी आपणहून गाठू शकत नाही. ते सांगून ठेवणं म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. नॅटच्या जनकांनी हा उपाय तात्पुरता म्हणून मांडला होता. ३ फेब्रुवारी २०११ ला पत्त्यांचे शेवटचे पाच मोठे गठ्ठे वाटून संपले, आयपीव्ही६ आलं, तरी तात्पुरता उपाय ठाण मांडून आहे. आज कित्येक इंटरनेट कंपन्याही ग्राहकांना आपल्या नॅटमागेच ठेवतात. मग घरच्या जुन्या पीसीवर छोटी वेबसाईट ठेवायची म्हटली, तर आधी दुसऱ्याचा सर्व्हर भाड्याने घ्यावा लागतो. इंटरनेटची मूळ कल्पना मात्र अशी होती की कुठलंही मशीन कुठल्याही मशीनशी थेट बोलू शकेल.

असो. पुढच्या वेळी त्या ड्रॉपडाऊनमध्ये मोड निवडाल तेव्हा एवढंच विचारा : या मशीनला दारावर पाटी हवी, 'द्वारा' चालेल, की नुसता इंटरकॉम पुरे? उत्तर मिळालं की मोड आपोआप ठरतो.