परवान्याचे वर्ग आणि उसाची ट्रॉली : धाराशिव जिल्ह्याच्या इतिहासातून

धाराशिव जिल्ह्यातील वाहन परवान्याचा इतिहास दोन राजवटींच्या सीमेवर सुरू होतो. शेजारचे सोलापूर ब्रिटिश मुलखात होते आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, निजामाच्या हैदराबाद संस्थानात, त्यामुळे १९१४ चा भारतीय मोटार वाहन कायदा आणि त्याच्या जागी आलेला १९३९ चा कायदा सोलापूरच्या चालकाला लागू असला, तरी नळदुर्ग-उमरग्याच्या बाजूला संस्थानाचेच नियम चालत. संस्थानात १९३२ साली निजामाच्या रेल्वे खात्याने २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली आणि तिच्यामुळे मोटार चालवणे ही पगारी नोकरी ठरली; मात्र बार्शी लाइट रेल्वेच्या स्थानकांवर उतरलेला माल गावोगाव नेण्याचे काम बैलगाडीच करीत राहिली, आणि तिच्या गाडीवानाला मोटारीचा परवाना लागण्याचा प्रश्नच नव्हता.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि संस्थानी बससेवेचा इथला भाग पुढे एसटीत मिसळला. लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादपासून वेगळा जिल्हा झाला. आज वाहनांच्या पाट्यांवर लातूरसाठी ‘एमएच-२४’ आणि धाराशिवसाठी ‘एमएच-२५’ हे क्रमांक दिसतात.

१ जुलै १९८९ पासून अमलात आलेल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने परवान्याचे जे वर्ग ठरवले, त्यांत बिनगिअरची दुचाकी, गिअरची दुचाकी, अपंगांसाठीची गाडी, हलके मोटार वाहन, मालाची व प्रवाशांची मध्यम आणि जड वाहने, रोडरोलर आणि ‘विशिष्ट वर्णनाचे वाहन’ असे दहा प्रकार होते. १९९४ च्या दुरुस्तीने मध्यम आणि जड वाहनांचे चारही वर्ग काढून ‘परिवहन वाहन’, म्हणजे मुख्यतः माल किंवा भाड्याचे प्रवासी वाहणारे वाहन, असा एकच वर्ग केला आणि हलक्या वाहनाची वजनमर्यादा ६,००० किलोंवरून ७,५०० किलोंवर नेली. हे वजन परिवहन वाहनाच्या बाबतीत मालासकट धरले जाते, मोटारगाडी आणि ट्रॅक्टरच्या बाबतीत रिकाम्या वाहनाचे. परिवहन वाहनासाठी किमान वय २० ठेवले गेले आणि त्याचा शिकाऊ परवाना, ज्याला लोक ‘लर्निंग’ म्हणतात, मिळण्याआधी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जवळ असावा, अशीही अट आहे. अशा रीतीने एका वर्गीकरणात दोन निराळ्या कसोट्या एकत्र आल्या : वाहनाचे वजन किती, आणि ते कशासाठी वापरले जाते.

या दोन कसोट्यांचा खरा ताण उसाच्या हंगामात दिसतो. ढोकीच्या तेरणा कारखान्यासारख्या साखर कारखान्यांनी या कोरडवाहू जिल्ह्यात ऊसवाहतूक हा मोठा हंगामी व्यवसाय उभा केला आणि बैलगाडीच्या जोडीला ट्रॅक्टर-ट्रॉली आली. कायद्याच्या व्याख्येत ट्रॅक्टर म्हणजे स्वतः भार वाहण्यासाठी न बांधलेले वाहन. भार ट्रॉलीत असतो, आणि ट्रॉली जोडली की हाच ट्रॅक्टर मालवाहू ठरतो का, हा प्रश्न अपघाताच्या नुकसानभरपाईच्या खटल्यांत वारंवार उभा राहिला. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागशेट्टी प्रकरणात सांगितले की, ट्रॅक्टर चालवण्याचा वैध परवाना असलेला चालक ट्रॉली जोडल्यामुळे अपात्र होत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा निर्णय मोलाचा होता, कारण विमा कंपनीने परवान्याचे कारण देऊन जबाबदारी झटकली असती, तर भरपाईचा बोजा थेट त्याच्या जमिनीवर आला असता.

हलक्या वाहनांबाबतचा तसाच वाद अधिक काळ चालला. २०१७ च्या मुकुंद देवांगण निकालाने हलक्या वाहनाचा परवाना ७,५०० किलोंच्या आतील परिवहन वाहनालाही पुरतो असे ठरवले, पुढे त्यावर शंका घेतली गेली, आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने रंभा देवी प्रकरणात तीच भूमिका कायम केली. त्यामुळे तुळजापूरला भाविक नेणारी छोटी गाडी किंवा बाजार समितीत भाजीपाला आणणारा छोटा टेम्पो या वजनात बसत असेल, तर केवळ परवान्यावर ‘परिवहन’ असा वेगळा शेरा नाही म्हणून त्याचा चालक अपात्र ठरत नाही. ई-रिक्षा आणि घातक माल नेणारी वाहने यांच्या विशेष अटी मात्र तशाच राहिल्या, आणि सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील अवजड मालट्रकच्या चालकाला परिवहन वाहनाचाच परवाना लागतो.