मांत्रिक यानात का बसला नाही?

संशोधनाचा विषय शोधताय ना? मग हा प्रश्न घेऊन बघा. टॅम्सिन म्यूर या न्यूझीलंडच्या लेखिकेची ‘गिडियन द नाइन्थ’ ही कादंबरी २०१९ साली आली. काळ दूरच्या भविष्यातला, प्रवास एका ग्रहावरून दुसऱ्यावर, आणि सोबत मेलेल्यांची हाडं उठवणारे मांत्रिक! असं मिश्रण मराठीत सहसा का सापडत नाही?

आपले लेखक कल्पनेत कमी पडले, हे उत्तर टिकत नाही. नारायण धारपांनी ‘समर्थ’ मालिकेतल्या भयकथा लिहिल्या, तशीच ‘नेनचिम’सारखी विज्ञान कादंबरीही. पण त्यांना ‘भयकथाकार’ म्हटलं की आपण मोकळे.

मला वाटतं, उत्तर मराठी विज्ञानकथा कुठे वाढली यात आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ ची, काम विज्ञानप्रसाराचं. तिच्या कथास्पर्धेत १९७४ साली जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ पाठवली (आद्याक्षरं उलटी वाचा, गंमत कळेल) आणि पहिलं बक्षीस मिळवलं. याच नारळीकरांनी पुढे नरेंद्र दाभोलकर वगैरे मंडळींसोबत फलज्योतिषाची चाचणी घेतली. २७ ज्योतिषांची उत्तरं आली, त्यातली बरोबर ४६ टक्के. नाणं उडवलं तरी साधारण तेवढंच. जिथे कथा आणि अंधश्रद्धेविरुद्धचं काम एकाच घरात चालतं, तिथे मांत्रिकाला नायक कोण करणार?

आणि आपल्या नांदेड-लातूरकडे भानामती हा काही फक्त गोष्टीतला शब्द नाही. गावात एखाद्या बाईवर करणीचा आळ आला की तिचं जगणं मुश्कील होतं. २० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. असा आळ घेणं आता गुन्हा आहे. म्यूरच्या वाचकाला जी निव्वळ कल्पना, ती इथे कुणाच्या तरी दारात येऊन उभी राहते. म्हणून त्या पिढीच्या सावधपणाला मी भित्रेपणा म्हणणार नाही. पण त्या सावधपणापायी धारपांची विज्ञान कादंबरी चर्चेबाहेर राहिली, हेही खरंच.

हा झाला माझा अंदाज. तपासायचा असेल तर तालुक्याच्या जुन्या वाचनालयात जा, पुस्तकांची नोंदवही मागा, आणि ‘नेनचिम’ कोणत्या विभागात चढवलीय ते बघा.